कागद बाहेरचा, ठसा घरचा

हाताने कोरलेल्या ठशाचे चित्र, हातकागदाची वही, कोपऱ्यात एवढीशी छाप असलेले पाकीट यांची गोडी एकदा लागली की नुसते विकत घेऊन समाधान होत नाही. आपणही हे करावे असे वाटू लागते. आणि बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो कागद बनवण्याचा. जुन्या वह्या भिजवाव्यात, मिक्सरमधून लगदा काढावा, जाळीवर पसरावा, वाळवावा आणि मग त्यावर काहीतरी छापावे. बीड जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाला माझा सल्ला नेमका उलटा आहे. कागद बाहेरून विकत आणा. आपले कष्ट ठसा कोरण्यात आणि तो नीट उमटवण्यात घाला. आणि छापायचे ते असे निवडा, की कुठल्या तरी घराला, दुकानाला किंवा शाळेला ठरलेल्या दिवशी त्याची गरज पडेल. कागद इथे का बनवू नये याचे उत्तर पाण्यात आहे. ठशावर भर का द्यावा याचे उत्तर भांडवलात आहे. आणि गरजेची वस्तूच का छापावी हे मराठी छपाईचा इतिहास सांगतो. पुढे जे सांगितले आहे ते या तिन्हींना धरून आहे.

आधी पाणी. सुती चिंध्या निवडून, कातरून बीटर नावाच्या यंत्रात पाण्याबरोबर तासन्‌तास कुटतात, तेव्हा त्यांचे तंतू सुटे होतात. हा लगदा हौदात आणखी पाण्यात सोडतात. त्या हौदात वजनाने तंतू शेकडा एक भाग किंवा त्याहूनही कमी असतात, बाकी सगळे पाणीच. जाळीचा साचा बुडवून वर उचलला की पाणी निथळते आणि तंतूंचा पातळ थर जाळीवर राहतो, तोच ताव. मग दाबणे, वाळवणे, खळ देणे, घोटणे. निथळलेले पाणी काही अंशी पुन्हा वापरता येते हे खरे, पण चिंध्या धुवायला स्वच्छ पाणी लागतेच, आणि बोअरच्या पाण्यात लोहाचा अंश असला तर पुढे कागदावर तांबूस डाग उमटतात. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी जाते, सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे, मांजरा धरण आहे. तरी आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटावरचा भाग पर्जन्यछायेतला. वाईट वर्षी तिथे प्यायचे पाणी टँकरने येते. अशा ठिकाणी हौसेसाठी हौद भरून ठेवणे शेजाऱ्याला खुपणार, आणि खुपले तर त्यात त्याची चूक नाही. ठसाछपाईला लागते ते पाणी शेवटी हात धुण्यापुरते. वीज लागत नाही. जागा लागते ती एका टेबलाची आणि दोरीवर ताव टांगण्यापुरती. दुष्काळी भागात टिकेल असा छंद निवडायचा तर हा फरक लहान नव्हे.

‘पण कापूस आमचा, चिंध्या आमच्या, मग कागद दुसऱ्याचा का?’ हा आक्षेप भावनेचा असला तरी पोकळ नाही, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. मराठवाड्यात कागदाची जुनी परंपरा आहे, आणि ती बीडपासून फार दूर नाही. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यानचे कागजीपुरा हे गाव कागद करणाऱ्यांचेच. तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी देवगिरीला हलवली, तिच्याबरोबर हे कारागीर आले असे परंपरा सांगते. दौलताबादी कागद, जुन्नरी कागद ही नावे मराठेशाहीच्या दफ्तरांत सर्रास भेटतात. मात्र ही गावे कुठे वसली ते पाहा. कागद तिथे झाला जिथे पाणी होते आणि जवळच लिहिणारे दरबार, कचेऱ्या आणि पेढ्या होत्या. कापूस पिकतो म्हणून कुठे कागद झाला असे नव्हे. कच्चा माल दुरूनही येई, चिंध्या आणि जुने तागी दोर तर गावोगावचे गोळा करत. गिरणीचा कागद आल्यावर हा धंदा बसला आणि कागजीपुऱ्यात तो आज मोजक्या हातांत उरला आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीने त्यात पुन्हा जीव ओतण्याचा प्रयत्न केला. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ 1934 साली वर्ध्याला स्थापन झाला, आणि पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था 1940 साली उभी राहिली. राजस्थानात सांगानेरला कागजी कुटुंबांनी हा उद्योग मोठा केला. म्हणजे चांगला सुती कागद करणारे अनुभवी हात देशात आहेत, त्यांचा माल मिळतो. तो विकत घेण्यात कमीपणा नाही. सोनार सोने खाणीतून काढत नाही.

जिल्ह्यातल्या इतर कच्च्या मालाचेही थोडक्यात सांगतो, कारण विचारणारे हमखास विचारतात. पऱ्हाट्या आणि उसाचे चिपाड यांपासून कागद होतो, पण दोन्हींत लिग्निन भरपूर. ते काढायला कॉस्टिक सोड्यात शिजवावे लागते आणि उरलेले काळे पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न राहतो. हे घरगुती काम नाही. अंबाडीचा वाख मात्र उत्तम. दोर वळायला तो पूर्वी घरोघर निघे, आणि त्याचा कागद चिवट होतो. शाळेत मुलांना कागद कसा होतो ते दाखवायचे असेल तर जुन्या वह्यांचा लगदा आणि त्यात मूठभर अंबाडीचा बारीक कातरलेला, शिजवून कुटलेला वाख हा प्रयोग पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आगेमागे जरूर करावा. पण तो धडा म्हणून करावा, विकायचा माल म्हणून नव्हे. मिक्सरमधल्या लगद्याचा ताव जाड, खडबडीत, शाई पिणारा होतो. त्यावर बारीक रेघ उमटत नाही, आणि उमटली तरी मूळ वहीचा कागद लाकडी लगद्याचा असल्याने काही वर्षांत पिवळा पडतो.

कागद टिकतो तो कशाने, हे कळायला अंबाजोगाईला जावे. दासोपंतांची पासोडी तिथे जपलेली आहे: सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापड, आणि त्यावर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीने लिहिलेले ‘पंचीकरण’, मधूनमधून आकृत्यांसह. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615, म्हणजे अक्षरे चारशे वर्षांहून जुनी. पेशवे दफ्तरातले मोडी कागदही असेच शाबूत आहेत. दोन्हीकडे चिवट तंतू आणि त्यावर काजळीची शाई. काजळी म्हणजे कार्बन. उन्हाने तो उडत नाही. आधुनिक छपाईची काळी शाईसुद्धा कार्बनचीच असते. तेव्हा खरेदी करताना दोन गोष्टी विचारा: कागद सुती चिंध्यांचा आहे का, आणि त्यात आम्ल तर नाही ना. ‘हँडमेड’ एवढे लेबल पुरेसे नाही. फुलांच्या पाकळ्या, गवताच्या काड्या घातलेले रंगीत ताव दिसायला छान, पण पाकळीवर शाई बसत नाही आणि छापीत भोक दिसते. ते पाकिटांना, वहीच्या मुखपृष्ठांना ठेवा. चमच्याने किंवा हाताने घासून छापायचे असेल तर पातळ कागद हवा, 60 ते 100 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), गुळगुळीत आणि बेताच्या खळीचा. यंत्रावर दाबून छापायचे असेल तर 150 ते 200 जीएसएम चालेल. एकदम दस्त्यावर दस्ता मागवू नका. आधी नमुन्याचे ताव मागवा, त्यांवर तोच ठसा छापून पाहा, मग ठरवा. दोन्ही बाजूंवर बोट फिरवा: जाळीची बाजू थोडी खरखरीत, दुसरी मऊ, छाप मऊ बाजूवर घ्यायची.

आता ठसा. नवख्याने लिनोपासून सुरुवात करावी. जवसाचे तेल आणि बुचाची पूड यांपासून केलेला हा पत्रा कलासाहित्याच्या दुकानांत मिळतो. बीडमध्ये नाही मिळाला तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याहून मागवता येतो. थंडीत लिनो कडक होऊन कोरणी घसरते, तेव्हा तो पाच-दहा मिनिटे उन्हात ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाचा हा एक फायदा. लिनो परवडत नसेल तर चपलांच्या तळव्याचा जाड रबरी पत्रा चालतो, मात्र त्यावर बारीक काम होत नाही. लाकडात सागवान किंवा शिवण. बाभूळ टिकाऊ खरी, पण तिचे लाकूड कोरताना नवख्याचे मनगट जाते. कोरणी व्ही आकाराची एक आणि यू आकाराच्या दोन, एवढ्यावर वर्ष काढता येते. मात्र त्या धारदार हव्यात. बोथट कोरणीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटतो. दुसरा हात कायम कोरणीच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही. चित्र उलटे उतरते हे सगळ्यांना माहीत असते, तरी अक्षरांच्या वेळी विसरते, म्हणून मजकूर बटर पेपरवर लिहून तो पालथा घालूनच ठशावर उतरवा. देवनागरीची अडचण वेगळीच आहे. शिरोरेषा सरळ ओढून कोरता येते, पण वेलांटी, मात्रा आणि रफार या उंच एकट्या रेघा छापताना तुटतात, आणि ‘ळ’, ‘क’, ‘ब’ यांच्या पोटातली जागा शाईने भरते. उपाय असा: अक्षर उठावाचे न ठेवता खोदा, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर ते पांढरे उमटेल. पांढरी रेघ खोदणे सोपे, मोडण्याचा धोका नाही, आणि काळ्यावर पांढरी देवनागरी सुंदर दिसते. माझ्या मते पहिल्या वर्षी हातठशात दोन-तीन शब्दांपलीकडे मजकूर कोरूच नये.

शाईसाठी ऑफसेटची तेली शाई पुरते. बीडमधल्या कुठल्याही छापखान्यात तिचा डबा असतो आणि ओळख असेल तर वाटीभर मिळतेही. ती थोडी पातळ असते, म्हणून बारीक खडूची पूड घालून घट्ट करावी. जाड काचेवर शाई सुरीने पसरून रबरी रोलर फिरवा. रोलर उचलताना बारीक चरचर आवाज आला आणि शाईचा पृष्ठभाग मखमलीसारखा दिसला की थर बरोबर. ओला चपचप आवाज आला तर शाई जास्त झाली. एकाच वेळी भरपूर शाई देण्यापेक्षा पातळ थर तीन-चारदा दिलेला बरा. ठशावर ताव अलगद टाका, वरून कोरडा गुळगुळीत कागद ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने किंवा लाकडी डावाच्या बुडाने मधून कडेकडे घासत जा. एक कोपरा उचलून पाहा, फिके वाटले तर पुन्हा टेकवून घासा. यंत्रात ही सोय नाही. प्रत्येक ताव त्याच जागी पडावा म्हणून एका फळीवर दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून त्यांत ठसा आणि ताव टेकवायचा. दोन रंग छापायचे तर ही फळी नसेल तर सगळे हुकेल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की हातकागद कडक होऊन कडा वळतात. छापायच्या आदल्या रात्री ताव किंचित दमट टीपकागदांत दाबून ठेवा. पावसाळ्यात उलट त्रास, ताव फुगतो आणि शाई वाळायला दिवस लागतात. दुरंगी काम म्हणूनच हिवाळ्यात घ्यावे. साफसफाई रॉकेलने करू नका. खोबरेल सोडून कुठलेही स्वस्त खाण्याचे तेल चिंधीवर घेऊन शाई पुसा आणि मग साबण. हात, नाक आणि घरातली माणसे, तिघेही सुखी राहतील.

तालुक्याच्या गावी जुना ट्रेडल छापखाना असेल तर त्याच्याकडे भंगार म्हणून पाहू नका. खिळे जुळवणारे जुळारी गेले, लग्नपत्रिका ऑफसेट आणि संगणकाकडे गेल्या, पण ते पायाने किंवा मोटरवर चालणारे यंत्र ठसाछपाईला अजून उत्तम आहे. अट एकच: ठसा खिळ्यांच्या उंचीला आला पाहिजे. ही उंची 0.918 इंच, म्हणजे सुमारे 23.3 मिलिमीटर. तीन मिलिमीटरचा लिनो एकोणीस मिलिमीटरच्या प्लायवुडवर चिकटवला की बावीस होतात, उरलेले सव्वा मिलिमीटर पुठ्ठा आणि कागदाची पॅकिंग देऊन भरून काढा. हाताने तासाला चार-पाच चांगल्या छापी निघतात. ट्रेडलवर शंभर ताव हे अर्ध्या दिवसाचे काम. जुन्या मालकाला मजुरी देऊन त्याच्याकडूनच छापून घ्यावे. त्याच्या हातात दाबाचा जो अंदाज आहे तो पुस्तकात मिळत नाही, आणि यंत्रात हात कधी घालायचा नाही हेही तोच नीट सांगेल.

इथवर कसे छापायचे ते झाले. काय छापायचे, यात बहुतेक उत्साही माणसे चुकतात. ते चित्रे छापतात, चौकटीत बसवतात, आणि मग भिंत शोधत बसतात. मराठी घरात छापील कागद कसा शिरला ते पाहिले तर दुसरीच वाट दिसते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंचांग छापले. छापील कागदाला शिवावे की नाही, शाईत चरबी तर नसेल ना, अशा शंका घेणारे लोक तेव्हा होते. त्यांच्यासाठी धर्मग्रंथ तुपाच्या शाईने छापल्याचे सांगितले जाते. तरीही पंचांग घरात गेले, कारण ते लागायचेच. पुण्याची चित्रशाळा 1878 ची. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि वासुकाका जोशी तिच्या मागे होते. तिची रामपंचायतनासारखी चित्रे देवघरांत पोहोचली. 1894 साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला रविवर्म्याचा छापखाना त्याच वाटेने घराघरात गेला. आणि या सगळ्यांहून साधा, स्वस्त, आजही विकला जाणारा कागद म्हणजे जिवतीचा. श्रावणात भिंतीवर चिकटवायच्या या एका तावात नरसिंह, कालियावरचा कृष्ण, लेकरे खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती असतात. त्याला कोणी कला म्हणत नाही. पण आषाढाची आवस झाली की बायका तो मागतात.

तुमच्या ठशाला असाच ठरलेला दिवस द्या. जिवतीचा हातछापील ताव नव्याने रेखाटून कोरता येईल, आणि एकदा कोरलेला ठसा दरवर्षी श्रावणात उपयोगी पडेल. लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याच्या लाल खारव्याच्या चोपडीला पहिल्या पानावर स्वस्तिक आणि ‘शुभ लाभ’ लागते. पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या कागदाला कडेने बारीक नक्षीची चौकट असेल तर आजीबाई हरकत घेणार नाहीत, आणि तो बाळाच्या वहीत जपून राहील. दसऱ्याची सरस्वती, नागपंचमीचा नाग, बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्यामुळे फळाच्या पेट्यांवर लागणारे लेबल, परळी वैजनाथला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी देवळाचे साधे रेखाचित्र असलेली खिशातली वही. इथे एक सूचना: देवाची छाप पाकिटावर किंवा फेकून द्यायच्या कागदावर घेऊ नका. लोक तो फेकू शकत नाहीत आणि ठेवूही शकत नाहीत, आणि पुढच्या वेळी तुमच्याकडून घेत नाहीत. पाकिटावर सीताफळ, नायगावच्या अभयारण्याचा मोर, खंडोबाच्या टेकडीवरची दीपमाळ पुरे.

‘पण संगणकावर हेच रुपया-दोन रुपयांत होते,’ असे दुकानदार सांगेल, आणि तो खोटे बोलत नाही. संख्येत आणि मजकुरात डिजिटल छपाईशी झगडू नका, हराल. मजकूर बदलणारा, प्रती जास्त, घाई असेल तर काम बिनदिक्कत ऑफसेटवाल्याकडे पाठवा. ठशाचा फायदा तिथे आहे जिथे खूण तीच राहते आणि वर्षानुवर्षे लागते. डिजिटल प्रत दरवेळी तेवढीच महाग. ठशाची मजुरी पहिल्या वर्षी बसली की पुढे फक्त कागद आणि शाई. लग्नपत्रिकेचे उदाहरण घ्या. पाचशे पत्रिका हाताने छापायचा आग्रह धरणारा कारागीर थकेल आणि घरचे लोक दर ऐकून उठतील. त्याऐवजी कुलदैवताची पहिली पत्रिका, मामांची, व्याह्यांची, गावातल्या थोरांची मिळून चाळीस-पन्नास मानाच्या पत्रिका हातकागदावर छापा, आणि बाकीच्या ऑफसेटवर त्याच ठशाचे छायाचित्र वापरून करून घ्या. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि अनेक गावांत लग्ने त्यानंतरच ठरतात. म्हणजे पत्रिकांचे काम तुमच्याकडे एकदम येईल, तेव्हा ठसे माघ महिन्यातच कोरून ठेवा. दुसरा आक्षेप एकसारखेपणाचा. काही जण याला उत्तर म्हणून हाताच्या कामाचा थोडा वेडावाकडेपणाच गोड असतो असे सांगतात. मला ते पटत नाही. फिकी छाप, बोटाचा डाग, तिरपा ताव हे दोष आहेत. गिऱ्हाईक त्यासाठी जादा पैसे देत नाही, आणि देत असेल तर ती दया आहे, मागणी नव्हे. वाईट छापी बाजूला काढा आणि मागच्या बाजूला दुकानाच्या याद्या लिहा.

याचा अर्थ चित्र म्हणून छापूच नये असा नाही. 1930 साली दांडीयात्रेच्या वेळी नंदलाल बोस यांनी काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा जो लिनोकट केला तो काळ्या-पांढऱ्याच्या बळावरच देशभर पोहोचला. मूळचे बंगालचे चित्तप्रसाद (1915–1978) मुंबईत राहून कष्टकऱ्यांची आणि राबणाऱ्या मुलांची चित्रे लिनोत कोरत राहिले, कारण स्वस्तात अनेक प्रती काढता येत. कोयता, बैलगाडी, पाचटाच्या खोपी हा विषय याच माध्यमाचा आहे, आणि तो बीडच्या माणसाने कोरावा. अशी छाप विकताना प्रती किती काढणार ते आधी ठरवा, प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने खाली डावीकडे ‘3/20’ असा क्रमांक आणि उजवीकडे सही करा, आणि वीस झाल्यावर ठशावर आडवी रेघ कोरून तो बाद करा. 1960 साली व्हिएन्नाच्या परिषदेने मूळ छापचित्राविषयी जे संकेत मांडले त्यांचा रोख हाच होता. जिवतीच्या तावाला किंवा वहीच्या ठशाला मात्र क्रमांक घालू नये. जे दरवर्षी निघणार त्याला दुर्मीळ म्हणणे ही फसवणूक आहे. दुसऱ्याचे छायाचित्र समोर ठेवून तसेच्या तसे कोरायचे असेल तर त्याची परवानगी घ्या.

वह्यांबद्दल फार सांगत नाही. जुजबंदी, म्हणजे वहीची पाने शिवून बांधणे, गावातल्या बाइंडरकडून एका दुपारी शिकता येते. खळ मैद्याची आणि कसर लागू नये म्हणून बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे, भांडे वेगळे ठेवा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. तयार छापी उभ्या गुंडाळून नव्हे, सपाट ठेवाव्यात, मध्ये टीपकागद घालून. जमिनीवरच्या पेटीत नको, वाळवी येते. ठसे स्वच्छ पुसून तालकम पावडर लावून, उन्हापासून दूर.

किमतीचा हिशेब लाजत करू नका. तावाची किंमत, शाई, दर दहामागे वाया जाणाऱ्या दोन छापी, कोरण्याचे तास भागिले अपेक्षित प्रती, छापण्याचे तास, आणि दुकानदाराचा वाटा. तासाचा दर ठरवताना आपल्या तालुक्यात गवंड्याला दिवसाला काय मिळते ते विचारा. त्याहून कमी दराने कोरणी धरू नका. दुकानात आणि घरी किंमत एकच ठेवा, नाहीतर दुकानदार तुमचा माल मागच्या फळीवर ठेवेल. पत्रिकांना निम्मी रक्कम आगाऊ घ्या. आणि पहिल्या वर्षी एकच काम निवडा: येणाऱ्या श्रावणासाठी जिवतीचा ठसा आषाढाच्या आधी कोरून तयार करा, साठ ताव छापा, आणि बीड, अंबाजोगाई किंवा परळीतल्या पूजासाहित्याच्या दोन दुकानांत ठेवून पाहा. उरलेल्या तावांवर पुढच्या वर्षीचा श्रावण आहेच.